फलकावर बदललेला शब्द

कारकुनाने ओल्या फडक्याने फलकावरचा एक शब्द पुसला, ओल वाळावी म्हणून दोनदा फुंकर घातली आणि त्या जागी खडूने दुसरा शब्द लिहायला घेतला. केबिनच्या खिडकीतून बाईंना त्याची पाठ तेवढी दिसत होती. कोपर हलत होतं, अक्षरं दिसत नव्हती. दिसायची गरजही नव्हती. पाच मिनिटांपूर्वी याच टेबलाशी तो शब्द ठरला होता.

"बाई, लक्ष आहे ना?" मॅनेजरने विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या.

केबिनमधली तिघंही ओरडून बोलत होती. अकरा दिवस बाहेर कॉम्प्रेसर घरघरत होता, जाड पाइपातून बोगद्यात हवा ढकलत होता, आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सगळ्यांच्या गळ्याला सवय लागली होती. आज साडेनऊला तो बंद केला. बाहेर बसलेल्या घरच्यांना कुणीतरी सांगितलं, तेल बदलायचंय. याआधीही दोनदा तसं झालं होतं, म्हणून कुणी फार चौकशी केली नाही. आता त्या शांततेत आपलाच आवाज अंगावर यायचा आणि बोलणारा ओशाळून खाली बघायचा.

बोगदा खचला तेव्हा आत नऊ माणसं होती. बचावाचं काम पाहायला कंपनीने बाहेरून एक इंजिनियर आणला. माणूस कामाचा पक्का, पण इंग्रजीपलीकडे एक अक्षर येत नव्हतं. म्हणून जवळच्या शाळेतून बाईंना बोलावणं गेलं. सव्वीस वर्षं त्या इंग्रजी शिकवत होत्या. दोन दिवसांचं काम आहे, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी अकराला इंजिनियर केबिनच्या वरच्या पायरीवर उभा राहून बोलायचा, आणि एक पायरी खाली उभ्या राहून बाई ते घरच्यांना समजावून सांगायच्या.

समजावताना त्या थोडं हातचं राखायच्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला होता, आत कुणी जिवंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. समोर नऊ घरची माणसं तोंडं वर करून उभी होती. बाई म्हणाल्या, "साहेब म्हणतात, माणसं जिवंत आहेत." सातव्या दिवशी तो म्हणाला, परवापर्यंत पोचलो तर नशीब समजा. "परवा पोचणार," बाई म्हणाल्या. त्यांना ते खोटं वाटलं नव्हतं. कढत काही कुणाच्या हातात द्यायचं तर मध्ये फडकं धरतो माणूस, तसंच हे.

आज फडकं पुरण्यासारखं नव्हतं. सकाळी सहाला डोंगरावरून पाडलेलं भोक आत जिथं माणसं असतील असा अंदाज होता तिथवर पोचलं आणि पाइपाच्या तोंडातून पाणी उसळलं. दीड तास ते वाहत होतं. ओसरल्यावर कॅमेरा आत सोडला. सगळी पोकळी छतापर्यंत भरलेली होती.

"तुम्ही एवढंच सांगा," मॅनेजर म्हणाला, "की काम चालू आहे. शोधकार्य म्हणा. चांगला शब्द आहे, सगळंच त्यात बसतं."

"आणि फलकावर?"

"फलकावर नियमाने जे लिहायचं ते लिहावंच लागतं. पण ते इंग्रजीत आहे. कोण वाचतंय?"

बाईंनी इंजिनियरकडे पाहिलं. मॅनेजरचं बोलणं त्याला कळलं नसलं तरी सूर कळला असावा. बाईंनी त्याला इंग्रजीत विचारलं, जुनाच शब्द आणखी एक दिवस राहू दिला तर काय बिघडेल?

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. नखांत चिखल होता.

"रेस्क्यू लिहिलं," तो म्हणाला, "की माझी माणसं जीव धोक्यात घालून आत शिरतात. कारण पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं. रिकव्हरी लिहिलं, की मी त्यांना तसं करू देत नाही. माझ्या चौदा माणसांच्या घरीसुद्धा कुणीतरी वाट बघतंय, मॅडम. फरक एवढाच."

परीक्षेत हा प्रश्न ठरलेला असायचा: सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक स्पष्ट करा, गुण पाच. सव्वीस वर्षं बाईंनी पोरांकडून तो घोटून घेतला होता. पाचपैकी पाच त्या सहसा कुणाला देत नसत. आज समोरच्या माणसाचं उत्तर ऐकून त्यांनी नुसती मान हलवली आणि पदराने कपाळ टिपलं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

बाईंना वाटलं, कळलं यांना. पण खिडकीशी जाऊन पाहतात तो तिथे रडणं नव्हतं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. आतल्या ड्रायव्हरचा थोरला भाऊ, दहा दिवसांत कुणाशी धड दोन शब्द न बोललेला, आभाळाकडे तोंड करून हसत होता. आणि फलकाखाली, एक हात वर करून, शब्दाच्या एकेका अक्षरावर बोट टेकवत टपालआबा उभे होते.

टपालआबा म्हणजे आत अडकलेल्या वायरमनचे वडील. जन्मभर टपाल वाटलं, म्हणून हे नाव. पाकिटावरचे पत्ते आणि तारांचे मजकूर वाचता वाचता त्यांना इंग्रजीची तोंडओळख झाली होती, आणि इथल्या सगळ्या घरच्यांत इंग्रजी अक्षर लागणारे तेच एकटे. रोज बाईंचं बोलून झालं की ते जवळ यायचे, खिशातून छोटी वही काढायचे आणि साहेबांच्या बोलण्यातला एखादा शब्द विचारून घ्यायचे. "या भाषेचं काही खरं नाही, बाई," ते म्हणायचे. "लिहायचं एक, बोलायचं भलतंच. आमचे पोस्टमास्तर अगदी असेच होते." एवढ्या दुःखातही बाईंना हसू यायचं, आणि ते हसू पाहून आबांना बरं वाटायचं.

"कसला आनंद झालाय त्यांना?" इंजिनियरने विचारलं.

बाईंनी खिडकी उघडली. आबांचा आवाज आत आला.

"रिकव्हरी! अरे, आमच्या हिच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दारावर हाच शब्द होता. रिकव्हरी रूम. ऑपरेशन झालं की तिथं ठेवतात. तिथून माणूस बरं होऊनच घरी जातं. सापडले! आत डॉक्टर पोचलाय, म्हणून तर शब्द बदलला!"

बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. या वेळी त्यांनी मध्ये काही धरलं नाही. इंजिनियरने डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला सांगावं लागेल," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं. पण माझ्याकडे भाषा नाही."

मॅनेजरने खिडकी लावून घेतली. "हे बघा बाई, आपण काही खोटं बोललेलो नाही. त्यांनीच वाचलं, त्यांनीच अर्थ लावला. आजचा दिवस जाऊ दे. उद्या बघू."

बाई बाहेर पडल्या त्या सांगायच्याच म्हणून. पण पायरी उतरेपर्यंत त्यांना गराडा पडला. कुणी हात धरले, कुणी पाया पडायला वाकलं. मुकादमाची म्हातारी आई म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो. पहिल्या दिवसापासून तुम्हीच म्हणत होता." तोंड उघडायचं तर त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार होतं, असं बाईंनी स्वतःला समजावलं. मग जेवणाची घंटा झाली. जेवणाच्या शेडमध्ये दहा दिवस ताटं भरून यायची आणि तशीच परत जायची. आज वाढपी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत होते. आबांची सून त्यांच्या शेजारी बसून त्यांना आग्रह करत होती, आणि आबा तोंडात घास असतानाच सांगत होते, "जेवण झालं की तू न्हाऊन घे पोरी. कसली अवस्था करून घेतलीस. तो बघेल तर माझ्यावरच ओरडेल."

बाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. जेवू दे, मग सांगते, असं त्यांनी ठरवलं. जेवणं आटोपली. मग म्हटलं, हात तरी धुऊ दे. असं करता करता तास गेला, आणि त्या तासात ड्रिलरच्या बायकोने दवाखान्यात न्यायला पिशवी भरायला घेतली. ते पाहिल्यावर मात्र बाईंनी खांब सोडला.

आबा नळावर हात धूत होते.

"आबा, जरा इकडे येता?"

ते शर्टाला हात पुसत आले. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "आज मी तुमच्याआधी वाचलं, बाई! मार्क द्या."

पाण्याच्या टाकीमागे सावली होती. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

"आबा, त्या शब्दाचा अर्थ तुम्ही लावला तसाही होतो. चूक नाही तुमची."

"होतो म्हणजे?"

"रिकव्हर म्हणजे परत मिळणं. दवाखान्यात माणसाला त्याची तब्येत परत मिळते. म्हणून तिथं रिकव्हरी."

"तेच तर म्हणतोय मी."

"इथं..." बाई थांबल्या. वर्गात असतं तर त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले असते. "इथं त्यांना काही परत मिळायचं नाहीये, आबा. आपल्याला ते परत मिळणार आहेत."

"मग झालं की! परत मिळणार ना?"

"जिवंत माणसाला बाहेर काढतात त्याला रेस्क्यू म्हणतात. आजवर फलकावर तो शब्द होता. आज तो पुसला."

आबांनी खिशातली वही काढली, पेन काढलं, टोपण उघडलं, आणि तसेच थांबले. टोपण पुन्हा लावायला त्यांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"हो. छतापर्यंत."

"कधी कळलं?"

"सकाळी सहाला त्यांना. अकराला मला. आणि आता दीड वाजलाय. मी तासभर उभी होते, आबा. तुम्ही सगळे जेवत होता."

टाकीचा नळ गळत होता, तो आबांनी घट्ट पिळून बंद केला. शेडकडे नजर टाकली. तिथून अजून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता.

"म्हणजे मी सगळीकडे चुकीचं टपाल टाकलं," ते म्हणाले.

"मी सांगते सगळ्यांना. पायरीवर उभी राहून सांगते. ते माझंच काम आहे."

"नाही." त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "चुकीच्या घरी पत्र पडलं तर पोस्टमास्तर येत नाही दारावर. ज्यानं टाकलं तोच परत घ्यायला जातो. शिव्याही तोच खातो. तुम्ही पाहिजे तर मागे या. शब्द अडला तर सांगा."

घरच्यांना राहायला कामगारांच्या बराकीतल्या नऊ खोल्या दिल्या होत्या. जेवून लोक एव्हाना आपापल्या खोलीत पांगत होते. आबांची खोली चार नंबरची. ते एकपासून सुरू झाले.

एक नंबरला ड्रिलरची बायको होती. पिशवीत टॉवेल, साबण, नवा शर्ट. आबा दारात उभे राहिले, आणि बाईंनी मनातल्या मनात शब्दांची जुळवाजुळव केली, ते अडखळले तर पुढे व्हायचं म्हणून. तशी वेळ आली नाही.

"सकाळी मी सांगितलं ते चुकीचं होतं," आबा म्हणाले. "तो शब्द मला कळला नव्हता. त्याचा अर्थ असा, की माणसांना बाहेर काढतील, पण त्यांच्यातलं कुणी जिवंत नाही. आत पाणी भरलंय."

आडवळण नाही, फडकं नाही. बाईंना दहा दिवस जे जमलं नव्हतं ते त्या माणसाने चार वाक्यांत सांगून टाकलं. ड्रिलरची बायको म्हणाली, "पण पिशवी भरून झालीय." मग ती पिशवीवर बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारची दारं उघडली.

त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दारावर फार बोलावं लागलं नाही. पण आपल्या खोलीखेरीज आबांनी एकही दार गाळलं नाही. प्रत्येक ठिकाणी तीच चार वाक्यं, त्याच क्रमाने. समोरचा आधीच रडत असला तरी ते पूर्ण सांगायचे आणि तो काय म्हणतोय ते ऐकून मगच पुढे निघायचे.

पाच नंबरला ड्रायव्हरच्या भावाने त्यांची गचांडी धरली.

"सकाळी एक, दुपारी एक! म्हाताऱ्या, खेळ मांडलायस का आमच्या जिवाशी?"

आबांनी हात वर केले नाहीत. मानेची शीर ताणलेली, तसेच उभे राहिले. बाई मध्ये पडल्या. "सोडा त्यांना. त्यांनी एकदाच चूक केली. मी दहा दिवस केली."

भावाने वळून पाहिलं. "तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, साहेब म्हणतात माणसं जिवंत आहेत."

"साहेब तसं म्हणाले नव्हते. जिवंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हणाले होते. दोन्हींत फरक आहे. मला कळत होता. मी तुम्हाला कळू दिला नाही."

त्याने आबांना सोडलं. बाईंवर तो धावून येईल असं वाटलं, पण तो थुंकला फक्त, त्यांच्या पायाशी. "मी सातव्या दिवशी घरी जाणार होतो," तो म्हणाला. "आईकडे. ती एकटी आहे. तुम्ही परवा म्हणालात म्हणून थांबलो. काल ती पडली घरात." आणि त्याने दार लावून घेतलं.

बंद दारासमोर बाई उभ्या राहिल्या. आबांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि त्यांच्या कोपराला हळूच हात लावला.

"चला. अजून चार राहिलेत."

मुकादमाच्या आईने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "चहा टाकू?" दोघं नको म्हणाली तरी तिने टाकला. तिघं चहा प्यायली. त्यांचे कप विसळून तिने पालथे घातले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

केबिनच्या दारातून मॅनेजर ओरडला, "बाई, हे ठरलं नव्हतं आपलं!" बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. इंजिनियर फलकापाशी उघड्या डोक्याने उभा होता. प्रत्येक दार उघडलं की मान खाली घालत होता.

नऊ नंबर झाला तेव्हा तीन वाजून गेले होते. आबा परत फिरले आणि चार नंबरच्या दारापाशी येऊन थांबले. दार लोटलेलं होतं. एवढ्या रडारडीत आतून कुणीच बाहेर आलं नव्हतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हिला तुम्ही सांगता?"

बाईंनी दार ढकललं. सून खाटेवर बसून ओले केस पुसत होती. अकरा दिवसांत पहिल्यांदा न्हालेली. लग्नाला तीन वर्षं झालेली, जेमतेम पंचविशीची पोर. तिने आधी बाईंकडे, मग उंबऱ्यात थांबलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि खाटेवरचा कंगवा उचलून जागा केली.

"आबा, बसा. उन्हातून फिरताय मघापासून."

ते बसले नाहीत. "पोरी, सकाळी मी..." त्यांची चार वाक्यं पहिल्यावरच अडली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? बाहेर ऐकलंस?"

"सकाळी साडेनऊलाच कळलं. हवेचा पाइप त्यांनी सोडवून गुंडाळून ठेवला. तेल बदलायचं असलं तर पाइप कशाला गुंडाळतील?" ती टॉवेलची घडी घालू लागली. "ह्यांनीच मागे एकदा सांगितलं होतं. मी फोनवर घाबरले होते तेव्हा. बाहेरून हवेचा पाइप जोडलेला असतो, तो आहे तोवर भ्यायचं काही कारण नाही म्हणून."

"अगं, मग मी आलो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही पळत आलात, आबा. एका पायात चप्पल नव्हती. आल्या आल्या म्हणालात, भूक लागलीय." ती थांबली. "दहा दिवसांत पहिल्यांदा. म्हटलं, एवढं जेवण होऊ दे."

"आणि न्हायला सांगितलं मी तुला. तो येईल म्हणून."

"म्हणून न्हाले."

आबा खाली बसले ते खाटेवर नाही, जमिनीवर. रडतील असं बाईंना वाटलं, पण ते नुसते पायाच्या बोटांकडे बघत होते. सुनेने तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, प्यायचं विसरले आणि तसंच खाली ठेवलं.

बाईंना आता तिथून निघायला हवं होतं. त्या वळल्याही, पण दारात कारकून आला. हातात कागदांचा गठ्ठा होता. खोलीत कुणाकडेच न बघता त्याने वरचा कागद बाईंना दिला.

"घरटी एक भरून घ्यायला सांगितलंय. इंग्रजीत भरायचाय. संध्याकाळच्या आत." आणि तो जवळजवळ पळालाच.

बाईंनी कागद वाचला आणि उलटा करून धरला.

"काय आहे?" सुनेने विचारलं.

"ओळख पटवण्यासाठी आहे. पाण्यात... चेहरा बदलतो ना. म्हणून खुणा विचारल्यात." बाई स्वतःच्याच बोलण्याने दचकल्या, पण पुढे बोलत राहिल्या. "आज नको. मी त्यांना सांगते, उद्या भरू."

"भरून टाकू," सून म्हणाली. "उद्या काय वेगळं असणार आहे? बसा, बाई."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. आबांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. उंची लिहून झाली. वय झालं. कपडे काय होते, तर निळा शर्ट, कोपराला शिवलेला, आणि कंपनीची पँट. सून न अडखळता सांगत होती. बाई लिहीत होत्या.

"अंगावर काही खूण? व्रण वगैरे?"

"गुडघ्यावर आहे," आबा पहिल्यांदाच बोलले. "उजव्या. माझ्या सायकलवरून पडला होता. नऊ वर्षांचा होता. टाके पडले होते सहा."

"डाव्या," सून म्हणाली.

"उजव्या गं. महिनाभर पट्टी मी बदलत होतो."

"डाव्या आहे, आबा."

"अगं, तू तेव्हा कुठं होतीस? मी सांगतो ना! असा बसायचा तो, समोर. पाय माझ्या मांडीवर टाकून. ओरडायचा नुसता, हात लावू द्यायचा नाही." आबांनी मांडीवर जागा केली, डावा तळहात खाली धरला आणि उजव्या हाताने हवेतच पट्टीचा एक वेढा घेतला. "ह्या बाजूचा पाय. ह्या, माझ्या उजव्या हाताच्या..."

हात तिथेच थांबला. ते त्या हाताकडे पाहत राहिले, मग समोरच्या मोकळ्या जमिनीकडे.

"मी शेजारी झोपते त्यांच्या," सून हलक्या आवाजात म्हणाली.

बाहेर कुठेतरी कुणीतरी दार आपटलं. आबांनी मांडीवरची जागा मोडली आणि गुडघे जवळ घेतले.

"हो," ते म्हणाले. "माझ्याकडे तोंड करून बसायचा ना तो. तू म्हणतेस तेच बरोबर असणार. डावा लिहा, बाई."

बाईंनी डावा लिहिलं. शाई नीट उतरली नव्हती म्हणून त्यावरून पुन्हा एकदा पेन फिरवलं.

सुनेने सासऱ्यांपुढचं भांडं उचललं, पाणी तसंच होतं, ते त्यांच्या हातात देऊन हातावर हात ठेवून ते त्यांच्या ओठांपर्यंत नेलं. ते पिऊ लागल्यावर तिने बाईंकडे पाहिलं.

"पुढे काय विचारलंय?"